शिधा कुणाचा, शिफारस कुणाची?

(खानदेशातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



धान्याच्या, बियाण्यांच्या आणि खतांच्या वाटपात राजकीय पक्षपात होतो असे म्हटले, की सरकारी अधिकारी पहिला प्रश्न करतात : तसा आदेश कोठे आहे, दाखवा. प्रश्न बिनतोड वाटतो. कारण तसा आदेश खरोखरच कोठे नसतो. अमुक पक्षाला मत न देणाऱ्या कुटुंबाचे धान्य बंद करावे, असे लिहून खाली सही करणारा तहसीलदार शोधून सापडायचा नाही. परंतु आदेश नाही म्हणून पक्षपातही नाही, हा निष्कर्ष भाबडेपणाचा होईल. आणि तो काढणारे सगळेच भाबडे असतात असेही नाही. ग्रामीण भागातील पक्षपात कागदावर लिहिला जात नाही. कागद कोणत्या टेबलावर किती दिवस थांबतो, यात तो असतो. नाव कोणत्या यादीत चढते, सोसायटीचे सभासदत्व कोणाला मिळते, शिफारस कोणाच्या शब्दाने होते आणि वस्तू हातात कोणत्या तारखेला पडते, या चार ठिकाणी त्याची वस्ती असते. त्याला शोधायचे तर तेथेच शोधले पाहिजे.

यांपैकी तारखेचे महत्त्व खानदेशातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आखाजीला सालदाराचे जुने साल संपते आणि नवे ठरते. तेथून मृगापर्यंतचे दिवस हे गरीब घराच्या कसोटीचे दिवस. कणगीतली ज्वारी सरत आलेली, बाहेर मजुरी नाही, आणि नेमके याच वेळी बियाणे, खत आणि पीककर्ज हवे असते. कपाशीला वेळेवर मिळालेली युरियाची गोणी आणि दीड महिना उशिरा मिळालेली गोणी, दोहोंची पावतीवरची किंमत एकच. पिकाच्या हिशेबात मात्र पहिली म्हणजे खत आणि दुसरी म्हणजे नुसता खर्च. म्हणून ‘कोणालाच नाकारले नाही, सर्वांना दिले’ हे उत्तर पुरेसे नसते. कोणाला केव्हा दिले, हे विचारल्याशिवाय न्यायाचा हिशेब पुरा होत नाही.

धान्यावरचा हक्क नाकारला गेला म्हणजे काय होते, याची एक भयानक नोंद खानदेशच्याच इतिहासात आहे. शहादा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तो धुळे जिल्ह्यात मोडत असे. तेथील तापीकाठची जमीन काळी आणि कसदार. कर्जाच्या फेडीत, खोट्या कागदांवरच्या अंगठ्यांत भिल्लांच्या जमिनी सधन शेतकऱ्यांकडे गेल्या, आणि कालचे मालक त्याच शेतांवर सालदार झाले. २ मे १९७१ रोजी या तालुक्यातील पाटीलवाडी येथे भुकेल्या आदिवासींनी जमीनदाराकडे धान्य मागितले. त्या मागणीला लूटमारीचे नाव देण्यात आले आणि जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला. त्यात आदिवासीचा बळी गेला.

त्या घटनेनंतर अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याभोवती आणि ग्राम स्वराज्य समितीभोवती तालुक्यातील आदिवासी एकवटले. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांच्या मजुरीचा, गमावलेल्या जमिनींचा आणि दुष्काळी कामांचा प्रश्न तिने हाती घेतला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने १९७४ साली केला, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यातील एक गोष्ट वारंवार निसटून जाते. पाटीलवाडीत धान्याचा तुटवडा नव्हता. धान्य गावातच होते. नव्हता तो भुकेलेल्यांचा त्या धान्यावर हक्क सांगणारा कागद. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात हाच सिद्धान्त मांडला : माणसे उपाशी मरतात ती बाजारात धान्य नसते म्हणूनच असे नाही; असलेल्या धान्यावर त्यांचा अधिकार चालत नाही म्हणूनही मरतात. शहाद्याच्या आदिवासींना हे दहा वर्षे आधी, आणि ग्रंथ न वाचता कळले होते.

अधिकार का चालत नव्हता? ज्यांच्या हाती जमीन होती, त्यांच्याच हाती गावाची सत्ता होती. उभ्या पिकाच्या राखणीसाठी त्यांनी पीक संरक्षण संस्था काढल्या होत्या आणि त्यांचे राखणदार आदिवासींवर जरब बसवीत. सोसायटीची कमिटी त्यांची, पंचायत त्यांची, तालुक्याच्या राजकारणात वजन त्यांचे. धान्य देणारा, कर्ज देणारा, मत मागणारा आणि फौजदाराशी बोलणारा माणूस एकच असला, की त्याच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? राजकीय पक्षपाताचे मूळ या एकवटलेपणात आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या दुष्टपणाने तो सुरू होत नाही आणि एखाद्या पुढाऱ्याच्या सज्जनपणाने संपतही नाही.

हे एकवटलेपण मोडण्यासाठीच महाराष्ट्रात सहकार आला, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. शेतकऱ्याला सावकाराच्या ओट्यावरून उठवून स्वतःच्या संस्थेत सन्मानाने बसवावे, हे धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांचे स्वप्न होते. राज्य सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि गावची विकास सोसायटी अशी तीन पायऱ्यांची रचना उभी राहिली. पीककर्जाचा काही भाग रोख आणि काही भाग खताच्या रूपाने देण्याची पद्धत पडली. म्हणजे सोसायटीच्या दारातून केवळ पैसा नव्हे, शेतीची सामग्रीही घरात येऊ लागली. साहजिकच त्या दाराला मोल आले. आणि ज्या दाराला मोल येते त्याला लवकरच राखणदार मिळतो.

वस्तुतः कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ अन्वये पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. कलम २२ तर म्हणते, की अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानावे. इतके चांगले कलम असताना माणसे सोसायटीबाहेर राहतात कशी? उत्तर साधे आहे. तीन महिने मोजायचे तर अर्जावर पोचेची तारीख हवी. अर्ज नाकारण्याऐवजी तो घ्यायचाच नाही, किंवा घेतला तर पोच द्यायची नाही, एवढे केले की कलम २२ तिजोरीत सुखाने झोपते. सचिव रजेवर आहे, अर्जाचे नमुने संपले आहेत, चेअरमन तालुक्याला गेले आहेत : या तीन वाक्यांनी जितके शेतकरी सहकाराबाहेर ठेवले, तितके कोणत्याही ठरावाने ठेवले नसतील.

असे का व्हावे? सोसायटीचे सभासदत्व म्हणजे केवळ कर्जाची पात्रता नव्हे; ते मतही आहे. सोसायटीची कमिटी सभासद निवडतात, आणि सोसायट्यांच्या मतांवर जिल्हा बँकेच्या संचालकांचे भवितव्य ठरते. बाजार समितीच्या राजकारणालाही याच कमिट्यांचा आधार असतो. तेव्हा विरोधी गटातील शंभर शेतकऱ्यांना सभासद करून घेणे म्हणजे विरोधकाला शंभर मते आपल्या हाताने देणे, असा हिशेब मांडला जातो. कर्ज आणि मत यांची गाठ अशी एकाच दोरीला मारलेली असेपर्यंत, गाठ सोडायला सांगितल्यावर राखणदाराचा हात कापणारच.

या वगळण्याचे परिणाम एका हंगामापुरते राहत नाहीत. कर्जमाफीचीच गोष्ट घ्या. २००८ साली केंद्र सरकारने, २०१७ आणि २०१९ साली राज्य सरकारने कर्जमाफीच्या योजना जाहीर केल्या. प्रत्येक योजनेच्या मर्यादांवर भरपूर चर्चा झाली आणि ती योग्यच होती. २००८ च्या योजनेत दोन हेक्टरांची अट होती, तिने कोरडवाहू भागातील थोडी अधिक पण नापीक जमीन असणाऱ्यांवर अन्याय केला, हे खरेच. पण या सगळ्या चर्चेत एक माणूस कोणालाच दिसला नाही. ज्याला सोसायटीने कधी कर्जच दिले नाही, ज्याने बियाण्यासाठी खाजगी सावकाराची किंवा कृषी केंद्राच्या उधारीची कास धरली, त्याला माफी कशाची मिळणार? जो दाराबाहेर उभा होता, तो माफीच्या वेळीही बाहेरच राहिला. पारोळा-अमळनेरच्या कोरडवाहू पट्ट्यातील अल्पभूधारक काय किंवा यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुडा पायथ्याला वनजमीन कसणारे पावरा-तडवी काय, ज्याच्या नावावर सातबारा नाही किंवा सोसायटीत भाग नाही, त्याची हीच गत. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला खरा. पण दावा मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत कसणारा माणूस सरकारदरबारी शेतकरीच नसतो. आणि कागद नसलेला माणूस पुढाऱ्याला नेहमी सोयीचा असतो, कारण त्याला प्रत्येक कामासाठी शब्द टाकणारा कोणीतरी लागतो.

आता आदिवासींच्या खावटीकडे वळू या. पावसाळ्याच्या तोंडावर सावकाराकडून धान्य उचलायचे आणि सुगीला त्याच्या भावाने पीक त्याच्याच घरी घालायचे, ही पालेमोडीची पद्धत सातपुड्यात जुनी. ती मोडण्यासाठी १९७६ साली कायदा झाला, आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि १९७८ पासून खावटी कर्जाची योजना आली. कल्पना उत्तम होती : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे नेमके उपाशीपणाच्या दिवसांत, काही रोख आणि काही धान्य द्यायचे. मात्र तिचे स्वरूप कर्जाचे होते आणि तिची यादी संस्थांकडून तयार व्हायची. मग कर्ज थकले, वेळोवेळी माफ झाले, आणि अखेर योजनाच थंडावली. २०२० साली महासाथीच्या संकटात राज्य सरकारने तिला अनुदानाचे रूप दिले. सुमारे ११ लाख ५५ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४ हजार रुपये, त्यांतील निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपाने, असा तो निर्णय होता. सप्टेंबर २०२० च्या निर्णयाचा शिधा कुटुंबांपर्यंत पोहोचायला २०२१ साल उजाडले. टाळेबंदी लागली होती मार्च २०२० मध्ये. भूक लागते त्या दिवशी आणि जेवण येते पुढच्या वर्षी, याला वाटप म्हणता येते का?

येथे कोणी असे समजू नये, की हा एका पक्षाच्या राज्यकारभाराचा दोष आहे. ते सरकार गेले, दुसरे आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीसाठी ‘आनंदाचा शिधा’ जाहीर झाला. रवा, हरभराडाळ, साखर आणि तेल असा चार जिन्नसांचा संच शंभर रुपयांत. गरिबाच्या घरी सणाला गोडधोड व्हावे याला कोणाचा विरोध असणार? पण त्या संचाच्या पिशवीवर राज्यकर्त्यांची छायाचित्रे छापली गेली. करदात्याच्या पैशाने घेतलेला रवा सत्ताधाऱ्याची भेट होऊन घरात येतो, तेव्हा डाळीबरोबर एक मिंधेपणही घरात येते. त्याचे वजन तराजूवर दिसत नाही, मतपेटीत दिसते. पक्ष बदलले, पिशवी बदलली, पद्धत तीच राहिली.

रेशनच्या मूळ व्यवस्थेतही शिफारशीला जागा कशी मिळते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. १९९९ साली महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून तो राज्यात लागू झाला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला ५ किलो धान्य हा आता कायद्याने दिलेला हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. पण राज्यातील लाभार्थ्यांची संख्या ७ कोटी १६ हजार अशी बांधून दिलेली आहे. हाच तो ‘इष्टांक’. इष्टांक भरला की पात्र असूनही नवे नाव थांबते. कोणी मरण पावले, कोणी स्थलांतर केले, की जागा रिकामी होते. आणि त्या जागेवर रांगेतील कोणाचे नाव चढवायचे, हा प्रश्न उभा राहतो. रांग उघड असेल तर उत्तर रांगेतच असते. रांग झाकलेली असेल तर उत्तर पुढाऱ्याच्या खिशातील चिठ्ठीत असते. टंचाई निसर्गाने आणलेली असो की आकड्याने, तिच्या पोटी शिफारस जन्माला येते.

खताच्या दुकानातही हेच. पुरवठा मुबलक असतो तेव्हा दुकानदार नमस्कार करतो. युरिया कमी पडला की तो माणूस पाहून गोणी काढतो. युरिया हवा तर सोबत दुसरे एखादे न मागितलेले औषध घ्या, अशी ‘लिंकिंग’ची सक्ती होते, आणि ती कोणावर होते व कोणावर होत नाही हे गावाला न सांगता कळते. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे दुकानात साठ्याचा आणि दराचा फलक लावणे आणि ग्राहकाला पावती देणे बंधनकारक आहे. फलक लावलेला असेल तर ‘माल संपला’ म्हणता येत नाही. म्हणूनच तो फलक पुष्कळदा गोण्यांच्या थप्पीमागे असतो.

साथींनो, जगाच्या अनुभवाकडे पाहिले तर ही वाट कोठे जाते ते दिसते. झिम्बाब्वेमध्ये मक्याच्या व्यापाराची मक्तेदारी सरकारी धान्य मंडळाकडे होती. तेथे दुष्काळाच्या काळात विरोधी पक्षाच्या समर्थकांना त्या मंडळाचा मका नाकारला जात होता, सत्ताधारी पक्षाचे कार्ड मागितले जात होते, असे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २००३ सालच्या अहवालात नोंदले आहे. इथियोपियाबद्दल त्याच संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की बियाणे, खत, कर्ज आणि रोजगाराच्या मदतीपासून विरोधकांना दूर ठेवले गेले. दोन्ही देशांतील सत्ताधारी पक्ष मुक्तिलढ्यातून आलेले होते आणि दोन्ही पक्ष शेतकऱ्यांचे नाव घेत होते. समाजवादी कार्यकर्त्याने यातून घ्यायचा धडा असा, की ध्येयवादाचा इतिहास हा वाटपातील न्यायाची हमी नसतो.

खानदेश म्हणजे झिम्बाब्वे नव्हे. येथे निवडणुका होतात, सरकारे पडतात, वृत्तपत्रे लिहितात, न्यायालयात जाता येते. धान्य मागणाऱ्याला कोणी पक्षाचे कार्ड विचारीत नाही. हा फरक लहान नाही आणि तो टिकवला पाहिजे. परंतु या फरकामुळेच येथील पक्षपात मऊ आवाजात बोलतो. तो ‘नाही’ म्हणत नाही, ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. आणि ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली की चूल थंड पडते, त्याला तालुक्याच्या तीन खेपा घालायला लावणे हे नकारापेक्षा फारसे वेगळे नसते.

मग यावर उपाय कोणता? तोही महाराष्ट्रानेच एकदा शोधला होता. १९७२-७३ च्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायाबापड्या, सुकडीचे वाटप, मिलोची लाल ज्वारी : त्या पिढीच्या आठवणीत हे सारे आहे. काम सरकारच्या मर्जीने सुरू व्हायचे आणि मर्जीने बंद पडायचे. त्यासाठी मोर्चे निघाले, घेराव झाले. त्यातून रोजगार हमी योजनेला बळ आले. काँग्रेसचे वि. स. पागे यांनी तिचा पाया घातला होता. डाव्या आणि समाजवादी पक्षांनी तिच्यासाठी रस्त्यावर लढा दिला. शहरातील नोकरदारांनी १९७५ पासून व्यवसाय कराच्या रूपाने तिचा खर्च उचलला. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्याची सारी ताकद एका साध्या तरतुदीत होती : काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, आणि ते न दिल्यास बेकारभत्ता. मागणी कोणी केली, तो कोणत्या गटाचा, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. अर्थात, कोणते काम केव्हा काढायचे यात पुढाऱ्यांनी हात घातला, हजेरीपटावर खोटी नावे चढली, भत्ता क्वचितच मिळाला. तरीही त्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. मागणाऱ्याला अर्जदार केले. याचक राहू दिले नाही.

याच सुमारास, १९७२ साली, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी केली. हातात लाटणे घेऊन निघालेल्या त्या स्त्रिया वेगवेगळ्या पक्षांच्या होत्या. तेल, रवा, साखर, धान्य योग्य दरात आणि पुरेसे मिळावे, हा त्यांचा आग्रह प्रत्येक घरासाठी होता. आमच्या कार्यकर्त्यांच्या घरी आधी द्या, असे त्या म्हणाल्या असत्या तर ते लाटणे एका दिवसात निस्तेज झाले असते.

हाच या साऱ्या विवेचनाचा मुद्दा आहे. मर्जीने दिलेल्या वस्तूत पक्षपात अटळ असतो, मग देणारा कोणत्याही पक्षाचा असो. हक्काने मिळालेल्या वस्तूत तो करता येतो, पण चोरून करावा लागतो आणि पकडता येतो. म्हणून लढा वाटपावर आपला माणूस बसवण्याचा नाही. वाटपातील मर्जी संपवण्याचा आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. कार्यकर्ते विचारतील : ज्याला लिहिता येत नाही, कचेरीत ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याच्यासाठी शब्द टाकायचा नाही काय? शिफारस केली नाही तर त्याचे काम होणार कसे? दुसरा आक्षेप मनातल्या मनात असतो, तोही उघड मांडलेला बरा. सत्ताधारी शिधा वाटतात आणि मते नेतात. समाजवादी कार्यकर्ता कायद्याची कलमे सांगतो आणि अनामत गमावतो. चार समित्यांवर आपली माणसे असती तर संघटना वाढली नसती काय?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे, की अर्ज लिहून देणे, सोबत कचेरीत जाणे, पोच मिळवून देणे ही सेवा आहे. नाव मंजूर करणे किंवा अडवणे ही सत्ता आहे. पहिले अवश्य करावे, दुसऱ्याचा मोह टाळावा. ज्याचा अर्ज कार्यकर्त्याने भरला, त्याला उद्या कार्यकर्त्याशिवाय अर्ज भरता आला पाहिजे. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर कडू आहे. शिध्यावर मिळवलेली संघटना शिध्यावरच जाते. ज्याने पाच किलो धान्यासाठी पक्ष धरला, तो दहा किलोंसाठी दुसरा धरील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच राहणार नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या तालुका समितीवर पालकमंत्र्याच्या पसंतीचा अशासकीय अध्यक्ष असतो. त्या खुर्चीवर उद्या समाजवादी कार्यकर्ता बसला, तरी विधवेच्या अर्जावर निर्णय देताना तिच्या दारावरचा झेंडा त्याला दिसणारच नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. सज्जन अध्यक्ष मिळवण्यापेक्षा अध्यक्षाच्या मर्जीची गरजच उरू नये, असा नियम मिळवणे अधिक टिकाऊ असते.

तेव्हा कामाची दिशा काय असावी? पहिले काम यादीचे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रेशनच्या नोंदी जनतेला खुल्या असल्या पाहिजेत, २८ प्रमाणे सामाजिक अंकेक्षण आणि २९ प्रमाणे दक्षता समित्या झाल्या पाहिजेत. लाभार्थ्यांची यादी, आणि त्याहूनही महत्त्वाची अशी प्रतीक्षायादी, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह गावोगाव धरावा. झाकलेली यादी ही पुढाऱ्याची मालमत्ता असते. वाचलेली यादी गावाची होते. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने लाभार्थी निवडण्याचे काम ग्रामसभेवरच सोपवले आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके, धुळे जिल्ह्यातील साक्री-शिरपूरचा आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा-यावल-रावेरचा काही भाग या क्षेत्रात येतो. तेथे आमदाराची चिठ्ठी ग्रामसभेच्या ठरावापेक्षा मोठी ठरत असेल, तर कायदा मोडला जात आहे असे निःशंकपणे म्हणावे.

दुसरे काम पोचेचे. सोसायटीच्या सभासदत्वाचा, पीककर्जाचा, शिधापत्रिकेचा प्रत्येक अर्ज तारखेच्या पोचेसह दिला जावा. पोच नाकारली तर अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि तीन महिने मोजावेत. तिसरे काम फलकाचे. खताच्या आणि रेशनच्या दुकानासमोरचा साठ्याचा फलक रोज लिहिला जातो की नाही, हे पाहायला मोर्चा लागत नाही. दोन शिकलेली पोरे पुरतात. चौथे काम गाऱ्हाण्याचे. अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांची तरतूद आहे. तेथे तक्रार नेताना ती एका पक्षाच्या लोकांची नसावी. ज्या दिवशी समाजवादी कार्यकर्ता सत्ताधारी पक्षाच्या मतदाराचे अडलेले धान्य सोडवून आणील आणि त्याच्याकडे मत मागणार नाही, त्या दिवशी गावाला हक्क या शब्दाचा अर्थ कळेल.

आणि एक नियम स्वतःसाठी. पक्षाच्या कचेरीतून, पक्षाच्या झेंड्याखाली, सरकारी मदतीची एकही वस्तू वाटली जाऊ नये. मदतीच्या कोणत्याही पिशवीवर कोणाचेही छायाचित्र नको, साने गुरुजींचेही नको. अमळनेरच्या त्या शिक्षकाने खानदेशातील शेतकऱ्यांच्या शेतसारा माफीसाठी झगडताना माफी ही कृपा म्हणून मागितली नव्हती. पीक बुडाले असेल तर सारा घेण्याचा सरकारला अधिकार नाही, ही त्यांची भूमिका होती. सरकारी कोठारातील धान्याबद्दलची भूमिका याहून वेगळी असण्याचे कारण नाही. ते धान्य शेतकऱ्याने पिकवले, मजुराने पोत्यांत भरले, करदात्याने विकत घेतले. वाटणाऱ्याचा त्यात वाटा फक्त तराजू धरण्याचा आहे, आणि तराजू धरणाऱ्याला एकच गोष्ट विचारायची असते : काटा सरळ आहे ना?